पंधरा हजार सूर्य

मार्गशीर्षात सकाळी नऊच्या सुमारास आमच्या जिन्यात सूर्य उतरतात. हे अनेकवचन मी विचार करून लिहिते आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांमधल्या वळणावर, जिथे शेजारच्या मुलाची सायकल आणि एक रिकामी कुंडी कायमची टेकलेली असते, तिथल्या फरशीवर उजेडाचे लंबगोल ठिपके पडतात. भाजीची पिशवी खाली ठेवून मी त्यातल्या एकासमोर तळहात तिरपा धरते. किरणाच्या बरोबर समोर तळहात आला, की लंबगोल आवळत आवळत वाटोळा होतो. त्याची कड मऊ असते, दुधावरच्या सायीसारखी. एखादा विरळ ढग वर आकाशात सूर्यावरून सरकला, तर इथे माझ्या तळहातावर तोच ढग उलट्या दिशेने सरकताना दिसतो. म्हणजे हा नुसता उजेडाचा डाग नाही. पंधरा कोटी किलोमीटरवरून सव्वाआठ मिनिटांत आलेलं सूर्याचं बिंबच हातावर उतरलेलं असतं. आपल्या भाषेने त्याला फार पूर्वीच नाव देऊन ठेवलं आहे : कवडसा.

हे कवडसे ज्यातून येतात तो एक पत्रा आहे. डोंबिवली पूर्वेची आमची जुनी चार मजली इमारत पाडून तिथे नवी उभी राहिली, तेव्हा दक्षिणेच्या जिन्याला खालपासून वरपर्यंत भोकं पाडलेला ॲल्युमिनियमचा पत्रा बसवला. भोकांची रचना अशी, की लांबून पाहिलं तर झाड दिसावं : मध्ये दाट, कडेला विरळ होत गेलेली. ठाण्यात घोडबंदर रोडने गेलं, तर असे पत्रे आता कितीतरी इमारतींच्या अंगावर दिसतात. गाड्या ठेवायच्या मजल्यांना, जिन्यांना, ऑफिसांच्या दर्शनी बाजूंना. कुठे पानं, कुठे लाटा, कुठे नुसत्या गोल भोकांच्या रांगा.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मला तो पत्रा मानवला नव्हता. जुन्या डोंबिवलीत वाढलेल्या कुणालाही जिना म्हटलं की सिमेंटची जाळी आठवते. तिच्या चौकोनांत अख्खी मूठ जाई. त्या चौकोनांत चिमण्या काड्या आणून घरटी करत, आणि शाळेला जाताना आमच्या डोक्यावर गवत सांडे. इमारत पाडताना ती जाळी खाली येऊन फुटली तो आवाज अजून माझ्या कानात आहे. तिच्या जागी पत्रा आला. या शब्दाला आपल्याकडे मान नाही. पत्र्याची शेड, पत्र्याची चाळ, तापलेला पत्रा, रात्रभर पावसात वाजणारा पत्रा. गरिबीची आणि तात्पुरतेपणाची सगळी आठवण त्या शब्दाला चिकटलेली.

मग एक दिवस गणपतीची पत्री निवडताना लक्षात आलं, की हे दोन्ही शब्द एकाच घरातले आहेत. संस्कृतातलं ‘पत्र’ म्हणजे पान. धातू ठोकून पानासारखा पातळ केला, तो पत्रा. आपल्या पूर्वजांनी त्या चपट्या, थंड वस्तूला पानाचं नाव दिलं होतं. जिन्यातल्या पत्र्याकडे मी त्या दिवसापासून पान म्हणून पाहू लागले.

पानांमधून कवडसे कसे पडतात, ते येऊरच्या वाटेवर पाहावं. ठाणे शहराच्या अगदी पाठीला टेकलेलं हे रान संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पूर्व उतारावर आहे. पाटोणपाड्याच्या बाजूला पावसाळा संपता संपता गेलं, तर ऐनाच्या आणि कोशिंबाच्या खाली जमीन नाण्यांनी मढवल्यासारखी दिसते. वर पाहिलं तर पानापानांमधल्या फटी वाकड्यातिकड्या : त्रिकोणी, चिरलेल्या, किड्याने कुरतडलेल्या. खाली मात्र प्रत्येक ठिपका वाटोळा. फटीचा आकार वाटेत कुठेतरी गळून पडतो आणि सूर्याचा आकार तेवढा जमिनीपर्यंत पोहोचतो. हे कोडं माणसाला फार जुनं आहे. ॲरिस्टॉटलच्या नावाने चालत आलेल्या प्रश्नांच्या संग्रहात विचारलं आहे, की वेताच्या विणकामाच्या चौकोनी फटींतून आलेलं ऊन गोल का पडतं? आपल्या बुरुडाने विणलेली रोवळी उन्हात उंच धरा, तोच प्रश्न तुमच्या अंगणात उतरेल. त्याचा नीट उलगडा केप्लरने १६०४ मध्ये छापला. फटीचा प्रत्येक बिंदू आपापला पूर्ण सूर्य खाली पाठवतो. फट लहान आणि जमीन दूर असेल, तर ते सगळे सूर्य एकमेकांवर जवळजवळ तंतोतंत बसतात, आणि डोळ्याला एकच गोल दिसतो.

त्या गोलाचं मापही ठरलेलं आहे. सूर्य आपल्यापासून त्याच्या स्वतःच्या व्यासाच्या साधारण १०८ पट दूर आहे. वर्षभरात पृथ्वी जवळ-लांब होते, तसा हा आकडा १०६ ते १०९ मध्ये हलतो. तेच प्रमाण उलट्या बाजूने कवडशालाही लागू पडतं. बारीक भोकापासून १०८ सेंटिमीटरवर हात धरला, तर हातावर एक सेंटिमीटरचा सूर्य. जपमाळेत १०८च मणी का, याच्याशी या गणिताचा संबंध मी जोडत नाही. पण जिन्यात उभं राहून टेपने अंतर मोजलं आणि आकडा जुळला, त्या सकाळी माझे हात आपोआप जोडले गेले होते.

आईची एक आठवण इथे सांगायलाच हवी. २६ डिसेंबर २०१९, मार्गशीर्ष अमावास्या, गुरुवार. दक्षिणेत कंकणाकृती ग्रहण होतं, आपल्याकडे खंडग्रास. आम्ही तेव्हा जुन्याच इमारतीत होतो. ग्रहण सुटेपर्यंत चूल पेटवायची नाही हा आईचा नेम, त्यामुळे स्वयंपाकघर गप्प होतं. नऊ वाजून गेल्यावर तिने फळीवरून बुंदीचा झारा काढला आणि म्हणाली, “चल गच्चीत. याला आज दुसरं काम नाही.” तिने झारा उन्हात धरला आणि मी खाली पांढरी उशी धरली. झाऱ्याच्या प्रत्येक भोकाची उशीवर एक चंद्रकोर झाली होती. शेपन्नास कोरी, सगळ्या एकाच बाजूला तोंड केलेल्या, सगळ्या एका लयीत बारीक होत चाललेल्या. तीस-चाळीस वर्षं लाडवांची बुंदी पाडलेला तो झारा. आई काही बोलली नाही. झारा माझ्या हातात दिला, वाकली, आणि उशीवरच्या त्या कोरींना तिने नमस्कार केला. भोकं पाडलेल्या धातूबद्दल मला जे काही वाटतं, त्याची सुरुवात तिथे आहे.

पुढे हे पत्रे तयार कसे होतात ते पाहायला वागळे इस्टेटमधल्या एका शेडमध्ये गेले. फाटकाशी उंबर होता आणि त्यावर तांबट बोलत होता. टुक, टुक, टुक, न थकता, एका तालात. तांब्याची भांडी ठोकणाऱ्या कारागिराचं नाव या चिमणीएवढ्या हिरव्या पाखराला त्याच्या आवाजावरून मिळालं. २०११ मध्ये मुंबईने त्याला शहराचा पक्षी म्हणून निवडलं. वाळलेल्या फांदीत चोचीने कोरून तो असं वाटोळं भोक पाडतो, की कंपास लावून काढल्यासारखं वाटावं. आत पंचिंग मशीन चालू होतं. आठ बाय चारचा पत्रा टेबलावर सरकत होता, वरून पंच उतरत होता, खाली डायमधून ॲल्युमिनियमच्या चकत्या पिंपात पडत होत्या. बाहेरच्या पाखराचा आणि आतल्या यंत्राचा ठोका मध्येच काही क्षण जुळायचा.

तिथल्या कारागिराने मला भोकांची मांडणी दाखवली. “ताई, सरळ चौकटीत भोकं मारली तर पत्रा कमकुवत होतो. तिरपी मांडायची. प्रत्येक भोकाला सहा शेजारी.” सहा शेजारी म्हटल्यावर मला पोळं आठवलं. मधमाशी मेण वाचवते, हा माणूस पत्र्याची ताकद वाचवतो, आणि दोघंही साठ अंशांपाशी येऊन थांबतात. दहा मिलिमीटरची भोकं, एका मध्यापासून दुसऱ्या मध्यापर्यंत पंधरा मिलिमीटर. एवढ्याने पत्र्याचा चाळीस टक्के भाग मोकळा होतो. एका आठ बाय चारच्या पत्र्यावर अशी पंधरा हजारांहून जास्त भोकं बसतात. मी मनात म्हटलं, पंधरा हजार सूर्य. पिंपातल्या चकत्या भंगारात जातात, वितळतात, पुन्हा पत्रा होतात. पंच झालेल्या पत्र्याच्या भोकांना मागच्या बाजूने बारीक धार राहते. तो कारागीर तिला ‘बर’ म्हणाला. ती घासून काढल्याशिवाय पत्रा पावडर कोटिंगला जात नाही. लोकांचा हात लागणार, म्हणाला. निघताना त्याने तीन मिलिमीटरच्या विरळ भोकांचा एक नमुन्याचा तुकडा माझ्या हातात ठेवला. त्याचेही काठ घासलेले होते.

दाट भोकांच्या पत्र्यातून मात्र सुटे कवडसे फार दूर जात नाहीत. पत्र्याच्या अगदी जवळ हात धरला तर शर्टाच्या बटणाएवढे ठिपके वेगवेगळे दिसतात. हात मागे न्या, ठिपके मोठे होतात, मऊ होतात, एकमेकांत शिरतात. दोन-तीन हात मागे गेल्यावर वेगळा असा एकही उरत नाही, सगळीकडे सारखा, गाळून घेतलेला उजेड. भर दुपारी असा उजेड मी फक्त दाट आमराईत पाहिला होता. आमच्या जिन्याच्या पत्र्यावर कडेची भोकं लांब लांब आहेत, म्हणून तिथले सूर्य सुटे राहतात आणि वळणाच्या टोकाशी पोहोचेपर्यंत पेढ्याएवढे होतात. ज्याने ती आकृती काढली त्याच्या मनात झाडाचा घेर असेल. मला त्यातून माझे मार्गशीर्षातले सूर्य मिळाले.

आणि ते बाराही महिने येत नाहीत, ही या पत्र्याची मला सर्वांत आवडलेली गोष्ट. पहिल्या वर्षी मला वाटलं पत्र्यावर धूळ बसली असेल. मग गणित मांडलं. तीन मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात दहा मिलिमीटरचं भोक म्हणजे एक छोटीशी नळीच. किरण फार उभा आला, की तो नळीच्या काठावरच अडतो, आत पोहोचत नाही. डोंबिवलीत डिसेंबरच्या अखेरीस दुपारचा सूर्य क्षितिजापासून सत्तेचाळीस अंशांवर असतो, कलता, आत डोकावणारा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तो त्र्याहत्तरच्या वर चढतो. त्यानंतर दक्षिणेकडे तोंड केलेल्या अशा पत्र्यातून दिवसभरात एकही सरळ किरण आत येऊ शकत नाही. म्हणजे गुढीपाडव्याच्या सुमारास कवडसे घर सोडतात आणि सप्टेंबरच्या मध्यावर, गणपती-पितृपक्षाच्या दिवसांत, परत येतात. ऊन नको असतं तेव्हा नाही, हवं असतं तेव्हा आहे. पाडव्याला शेवटचा कवडसा उंबरठ्याशी बारीक होताना मी पाहिला आहे. माहेरवाशिणीला निरोप देताना जसं गलबलतं, तसं काहीसं झालं होतं.

येऊरचं रान याच कामाला वेगळ्या रीतीने लागतं. तिथली बरीच झाडं माघ-फाल्गुनात पानं गाळतात. पळस आणि सावर उघड्या फांद्यांवर फुलतात, आणि ऐन तापत्या दिवसांत कोशिंब लालबुंद कोवळ्या पानांनी भरून येतो. पत्र्याचे चाळीस टक्के कायमचे ठरलेले असतात, झाडाचे दर आठवड्याला बदलतात. शिवाय पान स्वतःतून पाण्याची वाफ सोडतं आणि थंड राहतं. धातूला ते जमत नाही, तो तापतो. म्हणून जाणते लोक पत्रा भिंतीला चिकटवत नाहीत, मध्ये वीतभर तरी पोकळी सोडतात. तापलेली हवा त्या पोकळीतून वर निघून जाते, खालून दुसरी येते, आणि भिंत सावलीत राहते. जिथे पत्रा थेट भिंतीवर ठोकलेला दिसतो, तिथे मला भिंतीची आणि पत्र्याची दोघांची दया येते. आणि चिमण्या? त्यांच्यासाठी या पत्र्यात जागा नाही. हे दुःख मी कशाच्याही आड लपवणार नाही. आमच्या जिन्यात मी लाकडाची दोन खोकी टांगली आहेत. गेल्या श्रावणात एकात काड्या दिसल्या.

पान आणि पत्रा यांची सांगड दूरदेशीही कुणी घातली आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग संग्रहालयाची इमारत २००५ मध्ये उघडली. हर्झोग आणि द म्यूरॉ या स्विस वास्तुकारांनी तिला तांब्याच्या सात हजारांहून जास्त पत्र्यांनी वेढलं आहे. त्या पत्र्यांवरची भोकं आणि उठाव झाडांच्या पानांतून येणाऱ्या उन्हाच्या छायाचित्रांवरून पाडलेले आहेत. भोवती उद्यान आहे, आणि समुद्राच्या हवेने तांबं हळूहळू रंग बदलत राहावं अशीच ती योजना आहे. म्हणजे कवडशांचं चित्र धातूवर कोरलं, आणि मग त्या धातूला पानासारखं पिकायला सोडून दिलं. तिथले लोक आपली रोवळी किंवा आपला झारा जाणत नसतील. पण त्यांनाही झाडाखाली उभं राहूनच सुचलं.

आपल्या जवळची गोष्ट याहून खोल आहे. कल्याणहून तीन स्टेशनं पुढे, वालधुनी नदीच्या काठी, अंबरनाथचं शिवमंदिर आहे. शिलालेखात शक ९८२, म्हणजे इ. स. १०६०. शिलाहारांच्या काळातलं. सभामंडपातून वीसएक पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावं लागतं. बाहेरच्या भिंतींवर मूर्तींची एवढी गर्दी, की बोट ठेवायला जागा नाही. आत मात्र जवळजवळ काही नाही. काळा दगड, ओल, पिंडी. आणि वर आकाश, कारण शिखर अर्ध्यावरच थांबलेलं आहे आणि गाभारा वरून उघडा आहे. वरून एकच उजेड येतो. भिंतीवरून खाली उतरतो, पायऱ्या चढून परत जातो. साडेनऊशेहून जास्त वर्षांत तिथे किती कवडसे पिंडीवरून गेले असतील! लहानपणी पारनाक्याला राहणाऱ्या आजीबरोबर मी तिथे जायची. रथसप्तमीला तीच आजी वाड्याच्या अंगणात रांगोळीने सूर्य काढायची आणि गोवरीवर बोळक्यातलं दूध उतू जाऊ द्यायची. गाभाऱ्यातल्या त्या उजेडाला पाय लागू नये म्हणून ती मला कडेने चालायला लावायची. जिन्यात कवडसे पडले असले, की मी आजही कडेने उतरते.

पावसाळ्यात पत्र्याचं रूप पार बदलतं. आपल्याकडे दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि नैर्ऋत्येचा वारा तो थेट जिन्यावर आणून आपटतो. वारा एका ठरावीक कोनाने आला की पत्रा हलकेच शीळ घालतो. बांबूच्या बेटात भुंग्याने पोखरलेल्या नळीतून येते तशी, जरा खालच्या स्वरात. आणि मला मिळालेल्या त्या नमुन्याच्या तुकड्यात, त्याची भोकं लहान असल्यामुळे, पाणी अडकून बसतं. खिडकीच्या गजाला मी तो टांगला आहे. सर थांबली की प्रत्येक भोकात एक फुगीर थेंब, आणि प्रत्येक थेंबात उलटी डोंबिवली : खाली आकाश, वर इमारती, गच्चीतल्या निळ्या ताडपत्र्या, त्यांच्यावरून उलटा उडत जाणारा बगळा. सूर्य नसतो त्या दिवसांत पत्रा असं काही दाखवतो.

गेल्या वर्षी १६ मेच्या सुमारास, शून्य सावलीच्या दिवशी, तोच तुकडा घेऊन मी गच्चीत गेले. आपल्याकडे हा योग वर्षातून दोनदा येतो. पण दुसरा जुलैच्या अखेरीस, ढगांच्या आड, म्हणून मे महिन्यातलाच काय तो पदरात पडतो. गच्चीचा गिलावा पायाला चटके देत होता. पाण्याच्या टाकीच्या पाइपाची सावली त्याच्या पायाशी गोळा होत चालली होती. बारा वाजून चौतीस मिनिटांनी ती नाहीशी झाली. मी तुकडा आडवा, कमरेच्या थोडा वर धरला. खाली गिलाव्यावर, प्रत्येक भोकाच्या बरोबर खाली, करंगळीच्या नखाएवढा एकेक सूर्य. एकही वाकडा नाही, एकही लांबलेला नाही. हात थरथरू नये म्हणून मी श्वास धरून ठेवला होता. दोन मिनिटांनी पाहिलं, तर सगळे मिळून आपल्या रुंदीएवढे पूर्वेकडे सरकले होते.